साडूंची टांकसाळ

‘तंजावूरचा हा इसम बाजारातून चांदीची अस्सल जुनी नाणी पैदा करी, त्यांवर कोणत्याही राजाने कधीही न पाडलेल्या रुपयाचे बनावट ठसे मारी आणि ती भोळ्या संग्राहकांच्या गळ्यात बांधी. त्याचा हात मात्र इतका अडाणी होता की, खालचे जुने साल पुसण्याचेसुद्धा त्याला साधले नाही. आणि त्यावरूनच प्रस्तुत लेखकाने त्याला पकडले.’

हे उद्गार पुण्याच्या एका नाणेतज्ज्ञांचे आहेत. ते एका नियतकालिकात छापून आले आणि आमच्याच एका नातलगाने, त्यांतील एक अक्षरही न वाचता, केवळ ‘तंजावूर’ हा शब्द दिसला म्हणून मोठ्या अभिमानाने मला पाठवून दिले. वरील तीन वाक्यांत चार विधाने आहेत आणि चारही चूक आहेत. पहिल्या तिहींचा समाचार मी ओघात घेईन. चौथे मात्र अखेरपर्यंत राखून ठेवणार आहे. जन्मभर तंजावूरच्या कोर्टात वकिली केल्यामुळे, चांगला साक्षीदार शेवटी उभा करावा ही खोड मला जडली आहे, आणि या वयात ती मोडण्याचे मला काही कारण दिसत नाही.

‘हा इसम’ म्हणजे माझे साडू. माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, यजमान. आणि मी प्रतिज्ञेवर सांगतो की, खोटे बोलण्याच्या बाबतीत त्यांच्याइतका नालायक मनुष्य कावेरीच्या दोन्ही तीरांवर दुसरा झाला नाही. सद्गुण म्हणून ते खरे बोलत, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. काही माणसांना जसे पोहता येत नाही तसे त्यांना खोटे बोलता येत नसे. प्रयत्न केला तरी बुडत. घरी आलेल्या पाहुण्याने “वा, कॉफी फार सुरेख,” म्हटले की हे शांतपणे सांगत, “डिकॉक्शन सकाळचं आहे. नवं घालायचा हिनं आळस केला.” आत भांडे आपटल्याचा आवाज येई. एकदा कोणा वधूपित्याने शेजारच्या मुलाची चौकशी यांच्याकडे केली. “मुलगा उत्तम,” साडू म्हणाले, “पगार उत्तम, स्वभाव उत्तम. झोपेत बरीक ओरडतो.” लग्न मोडता मोडता राहिले. पुढे त्या मुलीनेच मला सांगितले की, सासरविषयी कोणीही तिला सांगितलेली तेवढी एकच खरी गोष्ट निघाली.

जे ठाऊक नाही ते सांगणे म्हणजेही त्यांच्या लेखी खोटेच. त्यामुळे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर ते खात्री करून घेतल्यावाचून देत नसत. तिरुवैयारूला त्यागराजांच्या आराधनेला निघालेल्या एका गृहस्थांनी वाटेत यांना विचारले, “आता गाडी आहे का हो?” साडू त्यांना तिथेच उभे करून बसस्टँडवर गेले, कंडक्टरला विचारले, गाडी डोळ्यांनी पाहिली, ती सुटल्याचेही पाहिले, आणि परत येऊन म्हणाले, “होती.” ते राहत असत राजवाड्यामागच्या, आमच्या मराठी घरांच्या गल्लीत. संध्याकाळी फिरायला म्हणून राजवाड्यात शिरत आणि परदेशी प्रवाशांना घेऊन हिंडणाऱ्या गाइडांच्या मागोमाग चार पावले अंतर राखून चालत. गाइडाने एखादी थाप मारली की मागून संथ स्वरात शब्द येई, “पोय.” तमिळमध्ये पोय म्हणजे खोटे. प्रवाशांना वाटे की ही येथील काही प्रार्थना असावी. अखेर गाइडांनी आपसांत ठरवून, साडू दिसताच त्यांना दाराजवळच्या चहावाल्याकडे बसवून चहा पाजण्याचा रिवाज पाडला. साडू चहा पीत आणि चहावाल्याला सांगत की यात पाणी जास्त आहे.

ते पाटबंधारे खात्यात नकाशे काढीत. कालव्याचा कोणता फाटा कोठे वळतो हे त्यांच्या हाताला पाठ होते. देशाने आपली दारे उघडली असे म्हणतात त्या सुमारास ते निवृत्त झाले. आमच्या गल्लीत तेव्हा पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ आले, कौलांवर थाळ्यांसारख्या छत्र्या उगवल्या, आणि जी मुले कालपर्यंत जवळच्या ओरत्तनाडूला सरकारी नोकरी लागली तरी पेढे वाटीत, ती संगणक शिकून अमेरिकेच्या गोष्टी बोलू लागली. साडूंना या कशाचाच राग नव्हता. त्यांचा राग होता फक्त नव्या रुपयावर. त्याच दिवसांत सरकारने पोलादाचा तो चिमुकला रुपया काढला होता. साडूंनी तो तळहातावर ठेवून, चष्मा वर करून, खाली करून पाहिला आणि मला विचारले, “राव, हा रुपया की सदऱ्याची गुंडी?”

आणि येथूनच रुपयाने त्यांच्या डोक्यात घर केले. आमच्या भोसले राजांविषयी त्यांचे एक जुने, घरगुती स्वरूपाचे गाऱ्हाणे होते. राजांनी ग्रंथ जमवले, अन्नछत्रे बांधली, गवय्ये सांभाळले, देवळाच्या भिंतीवर मराठी इतिहास कोरवला. पण स्वतःचा असा चांदीचा रुपया म्हणून पाडला नाही. तांब्याची बारीक नाणी पाडली, सोन्याची पाडली, रुपया नाही. “एवढं सगळं केलं,” साडू म्हणत, “आणि रुपया तेवढा राहिला. जाताना दिवा मालवायचा राहावा तसं.” जणू राजेसाहेब शेजारच्या घरात राहत होते आणि यांनी वेळेवर आठवण केली असती तर ते काम सहज झाले असते.

आता पहिले विधान: नाणी बाजारातून पैदा केली. साफ खोटे. साडूंच्या मातोश्री लग्न होऊन या घरी आल्या तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांच्याबरोबर तांबड्या खारव्याची एक थैली दिली होती, आणि त्या थैलीत चांदीचे रुपये होते. सगळे एकाच सालचे, टांकसाळीतून निघाले तसे कोरे. ते मोडायचे नाहीत असा त्या माउलीचा दंडक. वर्षातून एकदा, दिवाळीत लक्ष्मीपूजनाला, त्यांतला एक ताम्हनात येई. मातोश्री गेल्यावर ती थैली अक्कांच्या हाती आली आणि दंडक चालू राहिला.

ज्या दिवाळीची गोष्ट मी सांगतो आहे त्या दिवाळीला मी त्यांच्याकडे होतो. अक्कांनी रुपया ताम्हनात ठेवला, वर दूध सोडले, हळद वाहिली, कुंकू वाहिले. साडू हात जोडून बसले होते. एकाएकी ते पुढे वाकले. निवृत्त होईपर्यंत त्यांना पूजेला सावकाश बसण्याची सवड अशी कधी मिळालीच नव्हती.

“अगं, हा कोण?”

“कोण म्हणजे? लक्ष्मी,” अक्का म्हणाल्या.

“लक्ष्मीला दाढी?”

सर्वांनी वाकून पाहिले. रुपयावर विलायतेचा राजा होता. मुकुट घातलेला, दाढी राखलेला, आणि त्या दाढीत अक्कांनी मोठ्या भक्तीने वाहिलेले कुंकू भरले होते.

“तुमच्या आईच्या वेळेपासून हाच आहे,” अक्का म्हणाल्या. “आताच कां दिसला?”

“आईला दिसला नसेल. मला दिसला. आता मी याला नमस्कार कसा करू? मनात लक्ष्मी आणायची आणि डोळ्यांपुढे हा. म्हणजे पोयच की!”

त्यांनी नमस्कार केला नाही. अक्कांनी दोघांच्या वतीने केला. दुसऱ्या दिवशी सकाळी साडू माझ्या घराच्या ओट्यावर, ज्याला आम्ही तिण्णै म्हणतो, तिथे येऊन बसले. या राजाला हलवून त्याच्या जागी आपला रुपया बसवायचा, असे त्यांनी ठरवले होते. चांदी तीच, नाणे तेच, थैली तीच. फक्त वर ठसा तंजावूरचा. कायद्याने अडचण आहे का, हे विचारायला ते आले होते. मी विचार करून सांगितले की, तो रुपया चलनातून केव्हाच उठला आहे आणि तुमचा रुपया चलनात कधी नव्हताच. तेव्हा तुम्ही फसवणार कोणाला? “कोणालाच नाही,” ते म्हणाले, “म्हणून तर आलो.”

दुसरे विधान, ‘बनावट ठसे’, याचा निकाल येथेच लावतो. बनावट म्हणजे दुसऱ्याच्या नावावर खपवलेले. मी साडूंना स्वतः सुचवले होते की एखाद्या राजाचे नाव घाला, शोभेल. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मला माझ्या सनदेची काळजी वाटली. “ज्यानं पाडला नाही त्याच्या नावावर पाडू? राव, तुम्ही वकील असाल, मी नाही.” अखेर त्यांनी एका बाजूस ‘श्री लक्ष्मी प्रसन्न’ आणि दुसऱ्या बाजूस ‘राज्य तंजावर’ एवढेच घातले. राज्य तरी आता कोठे आहे, असे मी म्हणालो. “होतं की नव्हतं?” “होतं.” “मग झालं.” ज्या रुपयावर राजा नाही, किंमत नाही, पाडणाराचे चिन्हही नाही, तो बनावट कशाचा?

तंजावुरात तांब्यापितळेच्या थाळ्यांवर चांदीची उठावाची नक्षी करणारे कारागीर आहेत. त्यांना आसारी म्हणतात. अशा एका आसारींच्या शेडात साडूंनी आपली टांकसाळ थाटली. पोलादाचे ठसे त्यांनी स्वतः कोरले. जन्मभर नकाशे काढलेला हात; अक्षर असे वळणदार की पाहत राहावे. आसारी रुपया निखाऱ्यावर धरून लालसर करीत, पाण्यात सोडून मऊ करीत, आणि मग तो ऐरणीवर येई. पुढचा विधी मी अनेकदा पाहिला आहे. साडू तो रुपया खालच्या ठशावर ठेवून बोटांनी फिरवीत. थोडा डावीकडे, केसभर उजवीकडे, पुन्हा डावीकडे. चष्मा कपाळावर, नाक रुपयावर. आसारी घण उचलून उभे. त्यांच्या दंडांना कंप सुटे. “अय्या, मारू का?” “थांबा.” पुन्हा फिरवणे. मी एकदा वैतागून म्हणालो, “साडूबुवा, रुपया गोल आहे! कसाही ठेवला तरी गोलच राहणार!” त्यांनी रुपया आणखी केसभर फिरवला. मग एकदाचे “हं” म्हणत, वरचा ठसा टेकवीत आणि घण पडे. नाणे हाती आले की ते फक्त तळाशी पाहत, मान हलवीत आणि दुसरे घेत. तळाशी त्यांच्या ठशाची रेघ नेहमी तुटलेली असे आणि खालचे विलायती साल जसेच्या तसे डोकावे. “खाली ठसा बसत नाही तुमचा,” मी म्हणे. “नाही बसत,” ते म्हणत, आणि रुपया माझ्या हाती येण्याआधीच बाजूला ठेवीत.

पुढच्या दिवाळीआधी ते रुपये त्यांनी आमच्या गल्लीतील एकूण एक मराठी घरी नेऊन दिले. ‘गळ्यात बांधी’ हे तिसरे विधान लिहिणाराने त्यांना त्या दिवशी पाहायला हवे होते. धुतलेले धोतर, कपाळाला गंध, हातात केळीच्या पानात गुंडाळलेला रुपया. “पूजेत दाढीवाला असेल तर तो ठेवून द्या. हा घ्या.” कोणी मोल विचारले की म्हणत, “आईच्या रुपयाला मोल कसलं?” आणि कॉफी पिऊन, ती कशी झाली आहे हे सांगून, पुढच्या घरी जात. हे मी ऐकून सांगतो; त्या दिवाळीला मी मद्रासला मुलीकडे होतो. परत आलो तेव्हा गल्लीत रुपयाखेरीज दुसरा विषय नव्हता. सगळे म्हणत, फार सुंदर. कोणी म्हणाले, साडूंच्या अंगी राजवंशाचे रक्त आहे, ते उसळून आले. हीही एक दंतकथा तेव्हाच सुरू झाली आणि तीही मी येथे फेटाळतो. त्यांचे पूर्वज राजवाड्यात हिशेब लिहीत. माझ्या पत्नीने आमच्या वाट्याचा रुपया माझ्या हातावर ठेवला. मी तो वाचू लागलो, आणि वाचता येईना.

मी तो उजेडात नेला. मग मला समजले, आणि मी तो आरशासमोर धरला. आरशात स्वच्छ अक्षरे होती: श्री लक्ष्मी प्रसन्न. ठशावर अक्षर उलटे कोरावे लागते, तेव्हा नाण्यावर सुलटे उमटते. साडूंनी ठशावर ते सुलटेच कोरले होते. जन्मभर कागदावर काढले तसे. आसारींना देवनागरी येत नव्हती. त्यांना वाटले, साहेबांनी उलटेच कोरले असणार.

मी हसत हसत त्यांच्या घरी गेलो. आरसा बरोबर नेला होता. वादात पुरावा हवा. साडूंनी रुपया पाहिला, आरशात पाहिला, पुन्हा रुपया पाहिला. मला वाटले, आता काहीतरी मासलेवाईक बोलतील. पण ते तिण्णैवर बसले आणि समोरच्या घरांकडे पाहू लागले.

“राव,” ते म्हणाले, “मी चुकलो ते असो. माझे डोळे तळाशी होते. पण एवढी घरं. दिवाळीला पूजेत ठेवला, हाताळला, वाखाणला. एकानंही वाचला नाही?”

आमच्या घरांतून मराठी बोलली जाते. पुण्याच्या कानांना ती जुनाट लागते, जशी आम्हांला त्यांची उतावीळ लागते. पण मुले शाळेत तमिळ आणि इंग्रजी शिकली. देवनागरी वाचणारी आमची पिढी, आणि तीही विरळ झालेली. हे सर्वांना ठाऊक होते. परंतु ठाऊक असणे वेगळे आणि आपल्याच हातच्या रुपयाने साक्ष देणे वेगळे. आतून अक्का म्हणाल्या, “मीही नाही वाचला. मला येतं कुठे?” साडूंनी त्यांच्याकडे पाहिले. त्या एका दिवशी त्यांना जर खोटे बोलता आले असते तर ते म्हणाले असते, काही हरकत नाही. ते म्हणाले, “हरकत आहे.”

त्यांनी नवे ठसे कोरले, या वेळी उलटे. आणि नवा कायदा केला: जुना रुपया परत आणावा आणि घरातल्या लहानांपैकी एकाने तरी नवा वाचून दाखवावा, मगच नवा मिळेल. त्यासाठी रोज संध्याकाळी त्यांच्या तिण्णैवर शाळा भरू लागली. राजवाड्यातील गाइडांनी, मला वाटते, त्या वर्षी देवाला नारळ फोडले असतील. अक्का थाळीत चकलीसारखे मुरुक्कू घेऊन बसत आणि मुलांच्या मागे बसून, आपण मुलांनाच सांभाळतो आहोत असा बहाणा करीत, स्वतःही गिरवीत. साडू शिस्तीचे असल्यामुळे रुपयावर जी अक्षरे होती तेवढीच शिकवीत. जास्त एक नाही. “आणखी शिकवा की,” मी म्हणालो. “रुपयावर नाहीत,” ते म्हणाले. परिणाम असा झाला की, आमच्या गल्लीतून जी मुले पुढे अमेरिकेपर्यंत पसरली, त्यांना देवनागरी येते ती फक्त ‘श्री लक्ष्मी प्रसन्न’ आणि ‘राज्य तंजावर’ एवढीच. त्यांतली एक अलीकडे मुलांना घेऊन आली होती. मी त्यांच्याबरोबर मोठ्या देवळात गेलो. तेथल्या भिंतीवरच्या मराठी लेखासमोर ती उभी राहिली आणि बोट फिरवीत ओळखीची तेवढी अक्षरे मोठ्याने वाचू लागली. मध्येच एक ‘ज’, पुढे एक ‘त’, दोन ओळी सोडून एक ‘श्री’. तिच्या मुलांना वाटले, आई सगळे वाचते आहे.

उलटे रुपये सगळे परत आले, एक सोडून. तो त्याच दिवाळीनंतर लग्न होऊन पुण्याला गेलेल्या एका मुलीच्या ओटीत गेला होता. ओटीत घातलेले परत मागत नाहीत. तिच्या सासरच्यांनी तो कोणाला दाखवला, त्याने आणखी कोणाला, आणि अखेरीस तो आपल्या या नाणेतज्ज्ञांच्या भिंगाखाली आला. एके दिवशी ते प्रत्यक्ष तंजावुरात अवतरले. बरोबर एक टंकलिखित प्रबंध होता. त्यांचा सिद्धान्त असा की, तंजावूरच्या राजांनी उलट अक्षरांचा रुपया मुद्दाम पाडला; मेणावर दाबला की शिक्का सुलट उठावा म्हणून. तळाशी डोकावणारे विलायती साल त्यांनी कोणाचा तरी मागाहूनचा उपद्व्याप म्हणून निकालात काढले होते. मी त्या बैठकीला होतो. तेव्हा जे झाले ते माझ्याकडून ऐकावे.

“हा रुपया ओळखता?” तज्ज्ञांनी मखमलीची डबी उघडली.

साडूंनी चष्मा कपाळावर नेला आणि तळाशी पाहिले. “ओळखतो की. मीच पाडला.”

तज्ज्ञ हसले. “तुम्ही विनोदी दिसता.”

“नाही हो. तसं कोणी म्हणत नाही.”

“अहो, ही उलट अक्षरं सहेतुक आहेत!”

“हेतू कसला? चुकलो.”

“टांकसाळीत अशी चूक होऊच शकत नाही.”

“टांकसाळीत होत नसेल. आसारींच्या शेडात होते.”

“तुम्हांला या नाण्याचं महत्त्व कळलेलं नाही,” तज्ज्ञ आवाज चढवून म्हणाले.

“तुम्हांला कळलं तेवढं नाही कळलं, हे खरं,” साडू म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले.

“आधी कॉफी प्या, मग भांडा,” अक्का आतून म्हणाल्या. “डिकॉक्शन ताजं आहे. विचारा त्यांना.”

शेवटी आम्ही सर्व मिळून शेडात गेलो. आसारींनी रुपया तापवला, साडूंनी तो फिरवला, फिरवला, फिरवला, घण पडला, आणि राज्य तंजावर त्या गृहस्थांच्या डोळ्यांदेखत स्थापन झाले. मी पुष्कळ साक्षीदार कोसळताना पाहिले आहेत. इतका नीटनेटका कोसळलेला पाहिला नाही. भिंग काढून ते ऐरणीवर वाकले. “खाली जुनं साल राहिलं आहे हो,” ते म्हणाले. “राहू दे की,” साडू म्हणाले, आणि तो गरम रुपया उपरण्यावर घेऊन त्यांच्यापुढे धरला. “वाचून दाखवा आणि घेऊन जा.” तज्ज्ञांनी वाचला. साडू इतके आनंदले की त्यांना बसस्टँडपर्यंत पोहोचवायला गेले. गाडी आहे की नाही, हे त्यांनी आधीच पाहून ठेवले होते.

ज्यांना कॉफीच्या पहिल्या घोटाआधी खरे सांगितले गेले ते आता लिहितात, आम्ही त्याला पकडले. साडू असेपर्यंत त्यांनी हे लिहिले नाही, हेही येथे नोंदवून ठेवतो. साडूंनी उत्तर दिले नसते. राजवाड्यात म्हणत तसा एकच शब्द म्हटला असता. तो शब्द आता मला एवढ्या विस्ताराने म्हणावा लागतो आहे, कारण मला संक्षेप कधी साधला नाही.

ते गेले तेव्हा थैली रिकामी होत आली होती. शाळेला त्याआधीच मुले उरली नव्हती. तिण्णै बरीक रोज संध्याकाळी झाडलेली असे, आणि साडू तिथे रुपयाएवढ्या गोलात काहीबाही रेखाटीत बसलेले असत. परवा, तो लेख आल्यावर, मी अक्कांकडे गेलो. दिवाळी जवळ होती. देवापुढच्या ताम्हनात रुपया घासून ठेवलेला होता. मी वाकून पाहिले. दाढीवाला.

“हे काय, अक्का? तुमच्या घरात हाच?”

“सगळे देऊन टाकले. स्वतःला एक ठेवला नाही. शेवटचा हा उरला होता, तर म्हणाले, कुणा नव्या मुलाला लागेल, राहू दे. कोणी आलं नाही.” मग ताम्हन सरळ करीत, “नमस्कार बरीक कधी केला नाही हो याला. मीच करते दोघांचा.”

मी त्यांना ठसे कोठे आहेत ते विचारले. एकाने त्या सुंठ कुटत होत्या; दुसरा दार आपटू नये म्हणून लावलेला होता. दाराचा धुऊन माझ्या हाती दिला तेव्हा मी प्रथमच त्याचे तोंड नीट पाहिले. आजवर ते नेहमी रुपयावर टेकलेले असे. अक्षरे उलटी, वळणदार, जशीच्या तशी. आणि तळाशी, जेथे साडूंचा ठसा ‘बसत नसे’, तेथे पोलादात कानशीने घासून, कडा गुळगुळीत करून पाडलेली एक खाच.

“ती होय?” अक्का म्हणाल्या. “आधीच्या, चुकलेल्या ठशालाही होती. तो बघा, सुंठीचा. राजा जाऊ दे, म्हणाले, साल कसं जाऊ देऊ? त्या साली सासूबाई या घरात आल्या.”

तज्ज्ञमहाशय, खोटे नाणे पाडणारा सर्वांत आधी साल पुसतो. हा ठसा आता माझ्या टेबलावर आहे. आपण केव्हाही यावे, कॉफी ताजी असेल. त्या दिवशी मी अक्कांच्या ताम्हनातला दाढीवाला उचलला, पुसला, पालथा केला आणि त्याच्या पाठीवर हा ठसा धरून रुपया बोटांनी फिरवू लागलो. थोडा डावीकडे, केसभर उजवीकडे, पुन्हा डावीकडे. साल त्या खाचेत नेमके बसते.